बार्शी लाइट रेल्वे

सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी हे केंद्र असलेली पूर्वीची खासगी नॅरोगेज रेल्वे. रुळांतील अंतर 762 मिमी; पूर्ण विस्तारानंतरची लांबी सुमारे 325 किमी.

मुंबई–मद्रास लोहमार्ग बार्शीच्या पेठेला बाजूला ठेवून गेला. कुर्डुवाडी स्थानकाला त्यामुळे पुढे बराच काळ ‘बार्शी रोड’ म्हणत. ही उणीव इंग्रज अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी हेरली. कंपनी 1895 मध्ये लंडनला नोंदली गेली. कुर्डुवाडी–बार्शी वाहतूक 1897 पासून धरतात.

या रेल्वेचे मोठेपण अरुंद मापात शोधण्याची प्रथा आहे. ती पटत नाही, कारण तेच माप गुजरातेतील डभोईच्या लोहमार्गावर 1862 पासून होते. कॅलथ्रॉप यांचे खरे योगदान आसभाराच्या, म्हणजे चाकांची जोडी धरणाऱ्या प्रत्येक दांड्यावर (आसावर) येणाऱ्या वजनाच्या, सूत्रात दिसते. इंजिन असो वा वाघीण (मालाचा डबा), कोणत्याही आसावर 5 टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, आणि भरलेल्या वाघिणीने ही मर्यादा पुरेपूर वापरायची. त्यामुळे दर यार्डाला 30 पौंड वजनाचे हलके रूळ पुरले. वाघिणींच्या चौकटी दाबून घडवलेल्या पोलादाच्या होत्या, म्हणून स्वतःचे वजन कमी आणि मालाचे जास्त. भार अनेक चाकांवर विभागणारी इंजिने किट्सन कंपनीने बांधली. हे सारे भारतात पाठवण्यापूर्वी 1896 मध्ये लीड्सजवळ न्यूले येथे रूळ टाकून चालवून पाहिले गेले. काटकसरीच्या रेल्वेबांधणीत इतका नेटका विचार क्वचितच आढळतो. (कॅलथ्रॉप यांनी पुढे वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ ही हवाईछत्री तयार केली.)

पंढरपूरपर्यंतचा फाटा 1906 च्या सुमारास झाला आणि मालाच्या जोडीला वारकऱ्यांची वाहतूक आली. पूर्वेला निजामाच्या मुलखातील लातूर 1911 मध्ये, तर दक्षिणेला सांगोल्यावरून मिरज 1927 मध्ये जोडले गेले. कुर्डुवाडीला माल उतरवून मुख्य मार्गावरील ब्रॉडगेज (रुंद मापाच्या) गाडीत पुन्हा भरावा लागे; हा खर्च शेवटपर्यंत टळला नाही.

मध्य रेल्वे 1951 मध्ये स्थापन झाली, तेव्हा ही कंपनी बाहेरच होती. सरकारने 1 जानेवारी 1954 रोजी ती विकत घेऊन मध्य रेल्वेत विलीन केली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रॉडगेज रूपांतर टप्प्याटप्प्याने झाले. मिरजेकडील भाग सर्वांत शेवटी बदलला.