जोड-कार्बोरेटरचं ट्युनिंग: चामड्याच्या भात्यापासून मनमाडच्या इथेनॉलपर्यंत

जुन्या एमजीचं, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचं, बॉनेट उघडलं की इंजिनाच्या बाजूला अॅल्युमिनियमचे दोन घुमट दिसतात, डोक्यावर टोप्या घातलेले. हेच एसयू कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारं यंत्र. लंडनच्या लिली अँड स्किनर या बूटवाल्यांच्या घरातला जॉर्ज हर्बर्ट स्किनर आणि त्याचा भाऊ यांनी १९०५ च्या सुमारास ते घडवलं आणि १९१० मध्ये स्किनर्स युनियन ही कंपनी काढली. सुरुवातीला आत धातूच्या पिस्टनऐवजी चामड्याचा भाता होता. १९२६ मध्ये विल्यम मॉरिसने कंपनी विकत घेतली. पुढे त्याच्या कारखान्यांतल्या गाड्यांवर हाच कार्बोरेटर बसत गेला.

त्याची रचना अजूनही मोह पाडते. इंजिन जितकी हवा ओढेल तितका पिस्टन वर उचलला जातो. पिस्टनला खाली निमुळती सुई असते. ती जेटमधून, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक नळीतून, वर सरकली की भोवतीची फट वाढते आणि पेट्रोल जास्त येतं. स्लोसाठी एक जेट, रेससाठी दुसरा, असा पसारा नाही.

मग दोन कशाला? एमजी बनवणाऱ्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीच्या बी-सिरीज इंजिनात चार सिलिंडरना हवा घ्यायला हेडमध्ये दोनच वाटा आहेत, प्रत्येक वाट दोन सिलिंडरांत वाटलेली. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी स्वतंत्र कार्बोरेटर दिला की प्रवास आखूड होतो आणि इंजिन मोकळा श्वास घेतं. १९५५ च्या एमजीए या मॉडेलवर अशी जोडी होती. त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन १९५९ पासून आपल्या अॅम्बेसिडरमध्ये आलं, पण एकाच एसयूवर. नाशिकच्या जुन्या मिस्त्र्यांना एसयू परका वाटला नाही तो यामुळे. द्वारका, मुंबई नाक्याकडे ज्यांनी टॅक्सीच्या अॅम्बेसिडर दुरुस्त केल्या, त्यांना सुई, जेट, डॅशपॉटमधलं (पिस्टनवरच्या घुमटातलं) तेल हे सगळं पाठ होतं. नवीन होतं ते दोन कार्बोरेटरांना बरोबरीने चालवणं.

त्याची रीत कित्येक दशकं तीच आहे. टॅपेट (व्हॉल्व्हची फट), पॉइंट आणि ठिणगीचं टायमिंग आधी बरोबर करायचं. ते चुकलेलं असेल तर कार्बोरेटरला हात लावण्यात अर्थ नाही. इंजिन गरम झालं की दोन्ही थ्रॉटल (हवेच्या झडपा) जोडणाऱ्या दांड्याचा क्लॅम्प सैल करायचा. रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं आणि दोन्हीकडचा फुसफुसाट सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवायचे. मिक्श्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, त्यानंतर. पिस्टन एका वेळी जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा: रेस वाढून तशीच राहिली तर मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त), इंजिन बसायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी), क्षणभर वाढून पूर्ववत झालं तर बरोबर. जेटखालचा षटकोनी नट एका वेळी षटकोनाच्या एकाच बाजूइतका फिरवायचा. पुष्कळ जण आधी मिक्श्चरच्या मागे लागतात. माझ्या मते निम्मी खराब ट्युनिंग तिथेच होतात, कारण हवा सारखी नसेल तर एक कार्बोरेटर दुसऱ्याचं काम करत राहतो आणि कुठलाच नट खरं सांगत नाही.

नाशिकची स्वतःचीही एक बाब आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. इथे हवा मुंबईपेक्षा विरळ, म्हणून तिथे ट्यून केलेली गाडी कसारा घाट चढून आली की किंचित रिच चालते.

उलट्या दिशेने ओढतं ते पेट्रोल. इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले. त्यांपैकी एक याच जिल्ह्यात, मनमाडला. दुसरा मिरजेत, तिसरा उत्तर प्रदेशात. सुरुवात ५ टक्क्यांनी झाली, आता पंपावर २० टक्के आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे त्याच सुईवर मिक्श्चर सात-आठ टक्के लीन होतं. उंचीमुळे त्यातलं थोडंच भरून निघतं. शिवाय जुने कॉर्कचे गॅस्केट आणि रबरी नळ्या इथेनॉलसाठी बनवलेल्याच नव्हत्या. त्या आधी बदलाव्या लागतात.

जेटचा नट खाली उतरवून स्लो जमून जातो. पण घाटात, पूर्ण रेसवर, पिस्टन वर गेलेला असताना सुईची खालची जाडीच ठरवते. तिथे गाडी दमत असेल, मिसिंग मारत असेल, तर एक पायरी बारीक सुई घालावी, दोन्ही कार्बोरेटरांत एकाच अक्षराची (सुईचा प्रकार तिच्यावरच्या अक्षरांवरून कळतो), आणि मग नळी कानाला लावून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं.