मॅकियाव्हेली वेगळा आणि नाटकातला 'मॅकियाव्हेल' वेगळा

शेक्सपिअरच्या नाटकातला इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड म्हणजे मॅकियाव्हेलीच्या 'द प्रिन्स' या राज्य कसं टिकवावं सांगणाऱ्या पुस्तकातला राजाच स्टेजवर उभा केलाय असं बरेच जण बिनधास्त लिहितात आणि मला ते दरवेळी खटकतं. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या मॅकियाव्हेलीनं हे पुस्तक लिहिलं १५१३ मध्ये, छापून आलं १५३२ ला, तो वारल्यावर, आणि इंग्रजीत छापील भाषांतर यायला १६४० उजाडलं, म्हणजे शेक्सपिअरच्या काळातल्या लंडनमधल्या बहुतेक प्रेक्षकांकडे त्याची फक्त ऐकीव बदनामी पोचली होती. शेक्सपिअरचा समकालीन नाटककार मार्लो, त्याच्या 'द ज्यू ऑफ माल्टा' या नाटकाची सुरुवातच मॅकियाव्हेलीचं भूत करतं आणि धर्म म्हणजे पोरखेळ असं सांगून जातं. नाटकातला मॅकियाव्हेल तो हा.

खरा मॅकियाव्हेली माणसाबद्दल गोड बोलत नाही. लोक कृतघ्न असतात, लोभी असतात, संकट आलं की पाठ फिरवतात असं तो म्हणतो, पण हे सगळ्यांबद्दल, आणि राजानं ते धरून चालावं एवढंच. रिचर्डचं तसं नाही, तो पहिल्याच भाषणात आपण खलनायक व्हायचं ठरवलंय असं प्रेक्षकांना सांगतो आणि त्यात त्याला मजा येते.

सत्तेच्या बाबतीत तर फरक फारच मोठा आहे. मॅकियाव्हेली क्रौर्याला सरसकट नाही म्हणत नाही, पण काय करायचं ते एकदाच करून थांबा म्हणतो, दिवसागणिक वाढत जाणारं क्रौर्य म्हणजे वाईट वापरलेलं क्रौर्य. लोकांना धाक वाटला तर चालेल पण द्वेष वाटता कामा नये, आणि कुणाच्या मालमत्तेला हात लावू नका, कारण माणूस बापाचा मृत्यू एक वेळ विसरेल पण गेलेली इस्टेट विसरणार नाही! आता रिचर्ड बघा, मुकुट मिळाल्यावर थांबायचं सोडून पुतण्यांना मारायला निघतो, आणि ज्या बकिंगहॅमनं त्याला गादीवर बसवलं तो कबूल केलेली जहागीर मागायला येतो तर आज माझा द्यायचा मूड नाही म्हणून त्याला उडवून लावतो. बकिंगहॅम तिथूनच फुटतो. पुढे बॉसवर्थच्या रणांगणावर ऐन लढाईच्या तोंडावर रिचर्डचं सरदार स्टॅनलीला बोलावणं जातं, तर निरोप येतो की तो यायला तयार नाही. 'द प्रिन्स' ज्या ज्या गोष्टी टाळायला सांगतं त्या हा एकेक करून करतो.