पुढचा प्रयोग कधी? आमच्या प्रेक्षकांसाठी, सभासदांसाठी आणि मंडळांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

"पुढचा प्रयोग कधी?" हा प्रश्न आमच्या छोट्या नाट्यसंस्थेला तिकीट खिडकीवर येतो, फोनवर येतो, आणि परवा तर गोखले रोडवर भाजी घेताना एका काकूंनी हात धरून विचारला. आमचं उत्तर ठरलेलं: "तारीख मिळाली की कळवतो." ते टाळल्यासारखं वाटतं, हे आम्हालाही कळतं. म्हणून एकदा सगळं लिहूनच देतो.

तारखेचं गणित

ठाण्यात नाटक लावायचं तर मासुंदा तलावाकाठचं गडकरी रंगायतन किंवा घोडबंदरच्या बाजूचं डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह. दोन्ही महापालिकेची. खाडीपलीकडे वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह. तारखा आगाऊ वाटल्या जातात, आणि शनिवार-रविवार सगळ्यांनाच हवा असतो. आमच्यासारख्या चौदा माणसांच्या संस्थेच्या वाट्याला बऱ्याचदा मधल्या वाराची रात्र येते. तक्रार नाही, पण ऑफिसातून थेट येणाऱ्यांची पोटाची सोय आम्हाला करावी लागते, म्हणून मध्यंतरात बटाटेवडे जास्त सांगतो. गडकरी नूतनीकरणासाठी बंद होतं तेव्हा घाणेकरच्या मिनी थिएटरमध्ये आम्ही दिवस काढले. तिथे पहिल्या रांगेतल्या माणसाला नटाच्या कपाळावरचा घामही दिसतो. काही प्रेक्षकांना ते इतकं आवडलं की मोठ्या सभागृहात परत आल्यावर "लांब बसवलंत" म्हणून रागावले.

नाटक बसतं कुठे?

जून-जुलैमध्ये प्रेक्षक पावसामुळे घरी, आणि आम्ही नौपाड्यातल्या एका शाळेच्या वर्गात. संध्याकाळी सातनंतर बाकं भिंतीला लावायची आणि फरशीवर खडूने घर आखायचं: इथे दार, इथे ओटा, इथे जिना. पहिले आठ दिवस कुणी ना कुणी भिंतीतूनच आत येतो. सकाळी केर काढणाऱ्या मावशी खडूच्या रेघा वगळून पुसतात. यंदा एकदा तालीम बघायला थांबल्या आणि म्हणाल्या, "सुनेला जरा ओट्याच्या अलीकडे उभी करा, तोंडच दिसत नाही." दिग्दर्शकाने मुकाट्याने ओटा दोन फूट सरकवला. नाटक पाहाल तेव्हा तो ओटा डावीकडे का आहे, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

दरम्यान संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जाते. तिथलं प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय जाहीर प्रयोग करता येत नाही. मग रंगीत तालीम, आणि शुभारंभ. गणपतीत मंडळांचे कॉन्ट्रॅक्ट प्रयोग (म्हणजे मंडळाने ठरलेली रक्कम देऊन बोलावलेले), पितृपक्षात शुकशुकाट, दिवाळीपासून जानेवारीपर्यंत खरा हंगाम. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, तेव्हा आम्हीही फार हट्ट करत नाही. मे महिन्यात बालनाट्य.

तिकीट तीनशे रुपयेच का, आणि तीनशे तरी का?

पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे खिडकीवरची किंमत तीच शेवटची किंमत. त्या पैशातून नाट्यगृहाचं भाडं, नेपथ्याचा टेम्पो, प्रयोगागणिक लेखकाचं मानधन, दिवे आणि ध्वनी, जाहिरात, आणि सगळ्यांची नाईट निघते. नाईट म्हणजे दर प्रयोगाचं मानधन. प्रयोग झाला तर नाईट, नाही झाला तर नाही. रंगमंचावर सहा जण दिसतात, तुम्हाला न दिसणारे आठ. इस्त्री करणारा, नेपथ्याचे फ्लॅट, म्हणजे खोट्या भिंती, उभे करणारे, विंगेत हातात चहाची किटली घेऊन वाक्याची वाट बघणारा. किटलीत चहा खराच असतो, कारण वाफ दिसली नाही तर तिसऱ्या अंकातला सासऱ्यांचा टोमणा फुकट जातो. जाहिरातीचा खर्च मात्र आम्हाला नेहमी जड जातो. तुम्ही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोस्टर टाकता, ते आमच्यासाठी खरोखर मोलाचं आहे.

मंडळं आणि सोसायट्यांनी प्रयोग ठरवताना

हा भाग जरा नीट वाचा, कारण गडबड इथेच होते.

दिवे आणि ध्वनीसाठी वीज वेगळ्या लाइनवरून हवी. मागच्या वर्षी ऐरोलीतल्या एका सोसायटीत आमचे दिवे आणि पाण्याचा पंप एकाच लाइनवर होते. आई जाते त्या प्रसंगाला पंप सुरू झाला, दिवे हळूहळू मंद झाले, आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या प्रकाशयोजनाकाराला त्या प्रसंगाबद्दल अजून शाबासकी मिळते आणि तो अजून चिडतो. तेव्हा आधी तुमच्या इलेक्ट्रिशियनची आमच्या माणसाशी गाठ घालून द्या.

मोकळ्या जागेत रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही. सणांसाठी सरकार वर्षातून १५ दिवसांपर्यंत बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमचा दिवस त्या यादीत आहे का, हे पोलीस ठाण्यात विचारूनच आम्हाला कळवा. सूट नसेल तर साडेसातला पडदा उघडलाच पाहिजे. आरती, सत्कार, लकी ड्रॉ, सगळं त्याआधी. "पाच मिनिटांत उरकतो" यावर आमचा आता विश्वास नाही.

रंगमंच निदान २४ फूट रुंद, १८ फूट खोल. मागे कपडे बदलायला आडोसा, शक्यतो स्त्रियांसाठी वेगळा. आणि कृपा करून नाटकात नगरसेवकांचं किंवा प्रायोजकांचं नाव घालायला सांगू नका. मंजूर झालेल्या संहितेत परस्पर वाक्यं घालता येत नाहीत. मध्यंतरात माइक तुमचाच आहे, हवी तेवढी नावं घ्या.

तारीख निदान दोन महिने आधी सांगा. गणपतीसाठी आषाढातच.

तिसऱ्या घंटेनंतर

तिसरी घंटा झाली की पहिला प्रवेश संपेपर्यंत दार बंद. यंदाच्या नाटकात पहिली आठ मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही, सून एकटीच डबे भरते. तेवढ्यात कुणी मोबाइलच्या उजेडात खुर्चीचा नंबर शोधू लागलं की सगळ्यांचं लक्ष तिकडे. गाडी लावायला वेळ लागतो, हे आम्हालाही भोगावं लागतं. अर्धा तास हाताशी ठेवा.

आमच्याकडून प्रयोग रद्द झाला तर पूर्ण पैसे परत, किंवा तेच तिकीट पुढच्या प्रयोगाला.

सभासद

वर्षाची वर्गणी एक हजार रुपये: चार प्रयोग, जागा आधी निवडायची मुभा, आणि ५ नोव्हेंबरची तालीम. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी आम्ही भाषणं ठेवत नाही. पुढच्या नाटकाची कच्ची तालीम सभासदांसमोर करतो, चुकलं तर तुमच्यासमोरच थांबतो. चहा आमचा, सूचना तुमच्या. मावशींना आमंत्रण आधीच दिलं आहे.

नोंदणी प्रत्येक प्रयोगाला तिकीट खिडकीशेजारच्या टेबलावर, मध्यंतर संपेपर्यंत.