तारीख पुढे ढकलण्याआधी तिथी बघा
(फणसाड-आक्षी पक्षीसहलीच्या पाहुण्यांसाठी)

बुकिंग झालं की दोन-चार दिवसांनी फोन येतो. "अहो, पुढच्या रविवारी आलो तर चालेल ना? बाकी सगळं तेच." तारीख बदलायला आमची कधीच हरकत नसते. पण बाकी सगळं तेच राहत नाही. ते का राहत नाही हे समजावण्यात माझी रोज अर्धी दुपार जाते, म्हणून हा कागद छापून घेतला.

सहलीत जागा दोन: फणसाडचं जंगल आणि आक्षीचा किनारा. जंगलातली वेळ सूर्यावर चालते, ती फारशी हलत नाही. किनाऱ्यावरची वेळ भरतीवर चालते आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. सात दिवसांत हा उशीर पावणेसहा तासांवर जातो. या रविवारी साडेदहाला पाणी चढत असेल, तर पुढच्या रविवारी त्याच साडेदहाला ते ओसरत तळाला चाललेलं असतं.

मागच्या हिवाळ्यात पुण्याचा सहा जणांचा ग्रुप असाच एक रविवार पुढे सरकला. आम्ही नवं वेळापत्रक पाठवलं होतं, पण मंडळी जुनंच प्रिंट काढून घेऊन आली आणि मुक्कामाहून निघण्याची वेळही तीच धरून बसली. आक्षीला पोहोचलो तेव्हा पाणी लांब आत गेलेलं. पक्षी होते, पण दुर्बिणीतूनही तिळाएवढे. दोघे जण बूट हातात घेऊन ओल्या वाळूतून थेट त्यांच्याकडे चालत सुटले. मी हाक मारेपर्यंत अख्खा थवा उठला आणि रेवदंड्याच्या दिशेने गेला. मग सगळ्यांचा एकच प्रश्न, "तुमच्या फोटोत तर इतके जवळ होते?" होते. फोटो काढले त्या दिवशी पौर्णिमा होती.

किनाऱ्यावरचे पक्षी वाळूत आणि चिखलात चोच खुपसून खातात. पाणी ओसरलं की त्यांना मैदान मोकळं मिळतं, ते पांगतात आणि दूर जातात. पाणी चढायला लागलं की मैदान आक्रसतं आणि लाटाच त्यांना आपल्याकडे ढकलत आणतात. भरती पूर्ण होण्याआधीचे दीड-दोन तास सगळ्यात चांगले. सुरूच्या बनाच्या कडेला गप्प बसून राहायचं. काळा-पांढरा कालवफोड्या गाजरासारखी चोच घेऊन हळूहळू मागे सरकत येतो, चिखल्या चार पावलं धावतात, थबकतात, पुन्हा धावतात. आपण हलायचं नाही, काम समुद्र करतो. पूर्ण भरतीला मात्र वाळूच उरत नाही, थवे उठून विसाव्याच्या जागी जातात.

भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही. आमच्याकडे कोळीवाड्यात आजही तिथीची पाऊणपट करतात. तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा. चतुर्थीला तीनची भरती, अष्टमीला सहाची, दशमीला साडेसातची, पौर्णिमेला सव्वाअकराची. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, म्हणून आम्ही छापील तक्त्याशी ताडून बघतो. पण फोन करण्याआधी घरातल्या कालनिर्णयवर एवढा हिशोब केलात तर निम्मं बोलणं वाचेल.

यावरून आमचं वेळापत्रक असं ठरतं. पौर्णिमा किंवा अमावस्येच्या आसपास आलात तर आधी जंगल आणि साडेदहाच्या आत आक्षी. हे दिवस सर्वात सोयीचे आणि तेच आधी भरतात, एवढं सांगून ठेवतो. दशमी-एकादशीला उलटं: उजाडताच किनारा, मग फणसाड. सप्तमी-अष्टमीला भांग असतो, पाण्याची चढउतार कमी. तेव्हाही सकाळीच ओसरत्या पाण्यावर किनारा उरकतो.

"अष्टमीला संध्याकाळी भरती आहे, मग संध्याकाळी का नाही नेत? सूर्यास्तही होईल." हा प्रश्न हुशार पाहुणे विचारतात. आपला समुद्र पश्चिमेला आहे. संध्याकाळी ऊन थेट डोळ्यांत येतं आणि समोरचा प्रत्येक पक्षी काळा दिसतो. कुरव कोणता आणि सुरय कोणता हे मग आकारावरून ओळखायचं, ते आम्हालाही नेहमी जमतं असं नाही. सकाळी ऊन पाठीमागून येतं, पायांचा रंगसुद्धा दिसतो. सूर्यास्त बघायला जरूर जा, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.

किनारा आधी केला की जंगल "वाया जातं" अशीही तक्रार असते. थोडं खरं आहे. पहाटेची किलबिल नऊनंतर ओसरते. पण फणसाड काही मोकळं रान नाही. जंजिऱ्याच्या नवाबांचं हे शिकारीचं राखीव जंगल, १९८६ साली अभयारण्य झालं. सावली दाट आहे आणि आत पाणवठे आहेत, त्यांना इथे गाण म्हणतात. गाणीजवळ अर्धा तास बसलं तर उन्हातही काहीतरी पाण्यावर येतंच. हवा तापली की सर्पगरुड शीळ घालत वर चढतो, तो पहाटे दिसणार नाही. शेकरूला तर घड्याळाशी देणंघेणं नसतं.

मुंबईकरांनी पहिली बोट पकडून येण्याचा बेत करू नये. मांडव्याला उतरून अलिबाग गाठेपर्यंत सकाळचा चांगला भाग संपलेला असतो. आदल्या रात्री मुक्कामाला या. चौल-नागाव पट्ट्यात घरगुती सोयी भरपूर आहेत. ओळखीच्या घरांची यादी आम्ही पाठवतो, त्यात आमचं कमिशन नाही.

जानेवारीत तिबोटी खंड्या मागू नका. तो पावसाबरोबर येतो, आणि किनाऱ्यावरचे पाहुणे पक्षी साधारण ऑक्टोबर ते मार्च असतात. दोन्ही हवे असतील तर दोनदा यावं लागेल. जुने पाहुणे येतातही, त्यांना दुसऱ्या सहलीत सूट आहे.

मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावणं आमच्याकडे होत नाही. दुसरीकडे लावतात, ठाऊक आहे. आपल्या हद्दीत कुणी घुसलं असं समजून पक्षी खाणं सोडून, कधी घरटं सोडून धावत येतो. फोटो मिळतो, पण त्याची सकाळ फुकट जाते. यावर वाद घालून उपयोग नाही.

एका गटात सहाच माणसं. आठ बाय बेचाळीसच्या दोन दुर्बिणी आणि तिकाटण्यावरचा स्कोप आमच्याकडून, वेगळं भाडं नाही. अभयारण्याचं प्रवेशशुल्क मात्र गेटवर ज्याचं त्याने भरायचं. कपडे मळकट रंगाचे घाला. पांढरा टी-शर्ट घालून आलात तर सौ. तुम्हाला माझा जुना खाकी शर्ट देईल, आणि तो ढगळ आहे. नाश्त्याला घावन आणि नारळाची चटणी. उपवास असेल तर आदल्या दिवशी कळवा. एकादशीला भरती चांगली असते, त्यामुळे हा प्रश्न बरेचदा येतो.

तारीख बदलायची असेल तर चार दिवस आधी सांगा. नवं वेळापत्रक आलं की जुनं फाडून टाका. दुपारी एक ते तीन फोन उचलला जात नाही, पहाटे चारला उठलेलो असतो.