तेलाचा ‘ठरलेला’ आकडा नसतो

ट्रान्सफॉर्मरच्या तेलात ठरावीक व्होल्टेजलाच ठिणगी पडते आणि दोन इलेक्ट्रोडमधलं, म्हणजे वीज दिलेल्या धातूच्या टोकांमधलं, अंतर दुप्पट केलं की तेल दुप्पट व्होल्टेज सोसतं, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. प्रमाणित चाचणीत २.५ मिलिमीटर अंतर ठेवून, व्होल्टेज सेकंदाला २ किलोव्होल्टने वाढवत सहा वेळा मोजतात आणि सरासरी काढतात. कारण एकाच नमुन्याचे आकडेही जुळत नाहीत! ओलावा, तंतू, सूक्ष्म कण यांनी जिथे तेल कमकुवत केलंय, तिथून ठिणगीची सुरुवात होते. अंतर वाढलं की मधलं तेलही वाढतं; आणि तेल जास्त, तर अशी जागा सापडण्याची शक्यताही जास्त. म्हणूनच ठिणगीचा अंदाज बांधणाऱ्या गणिती प्रारूपात एक आकडा नव्हे, तर वायबुलसारखं संभाव्यता-वितरण, म्हणजे कोणत्या व्होल्टेजला ठिणगीची शक्यता किती हे सांगणारं सूत्र, घ्यावं लागतं. शिवाय स्ट्रीमरला, म्हणजे तेलातून पुढे सरकणाऱ्या वायूच्या फांद्यांना, पलीकडे पोचायला वेळ लागतो. म्हणून व्होल्टेज किती वेळ टिकलं हेही प्रारूपात धरावंच लागतं.