दीर्घकालीन आजारांच्या उपक्रमांतील रुग्णसहभाग

मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा, हृदयविकार हे आजार बरे होऊन जात नाहीत. ते सांभाळत जगावे लागते. आहार, चालणे, तंबाखू सोडणे, गोळ्या न चुकवणे या सवयींसाठी जे उपक्रम काढले जातात, त्यांच्या आखणीतच रुग्णांना आणि घरच्यांना निर्णयाचा वाटा देणे म्हणजे रुग्णसहभाग. शिबिराचा मांडव भरला, वहीत सह्या झाल्या, फोटो निघाले की सहभाग झाला असे मानायची आपल्याकडे सवय आहे. खरी कसोटी त्याच्या आधीची: प्रश्न कोणता हे ठरत होते, तेव्हा रुग्ण बैठकीत होता का?

प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत निघालेल्या १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने आरोग्यसेवेच्या नियोजनात भाग घेणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य मानले. त्याआधी, १९६९ मध्ये, अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तिच्यात नुसते मत विचारणे चौथ्या पायरीवर येते आणि प्रत्यक्ष सत्ता वरच्या तीन पायऱ्यांवर. आजारांच्या क्षेत्रात स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी उभा केलेला स्वव्यवस्थापनाचा, म्हणजे आपला आजार आपणच सांभाळायला शिकवणारा, वर्ग प्रसिद्ध आहे. सहा आठवडे, आठवड्याला अडीच तास. आणि वर्ग चालवणाऱ्या दोघांपैकी किमान एक जण स्वतः दीर्घ आजार असलेला. गरजेचे कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात सापडते: विकसित देशांतही दीर्घकालीन उपचार नीट पाळणारे रुग्ण सुमारे ५० टक्केच.

कोल्हापूर जिल्ह्यात ही पद्धत का लागते, हे मिठावरून कळते. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, हा सल्ला बीपीच्या प्रत्येक रुग्णाला मिळतो आणि तो प्रामाणिकपणे ताटातले मीठ बाजूला ठेवतो. पण इथल्या घरात वर्षाची कांदा-लसूण चटणी उन्हाळ्यात एकदाच होते, आणि टिकावी म्हणून तिच्यात मीठ तेव्हाच पडते. पुढे आमटी, कालवण, तांबडा रस्सा सगळे त्याच बरणीतून. म्हणजे मिठाचा मोठा निर्णय चटणी कुटताना होऊन गेलेला असतो, आणि तो घेणारी बहुधा रुग्णाची बायको, आई किंवा सून असते. तिला न विचारता काढलेले आहारपत्रक कितीही रंगीत छापले तरी चुलीपर्यंत पोहोचत नाही. तिला विचारले, तर उपक्रमाचा मुहूर्तच बदलेल: चटणीच्या हंगामाआधी.

गुळाचेही तसेच. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, अभिमान त्याहून जुना. ‘साखर बंद केली, आता गुळाचा चहा’ हे सांगणारा रुग्ण डॉक्टरांना फसवत नसतो. गूळ औषधी, अशी त्याची समजूत असते. गुळातही मुख्यतः साखरच असते आणि रक्तातली शुगर त्यानेही चढते. हे पटवायला गुऱ्हाळावरचा मधुमेही माणूस बाहेरच्या आहारतज्ज्ञापेक्षा जास्त उपयोगी पडावा.

‘तंबाखू खाता का?’ असे विचारले, की मिश्री लावणारी बाई सरळ ‘नाही’ म्हणते, कारण ती खात नाही, दातांना लावते. प्रश्नावली तिच्यासारख्या दोघी-तिघींसमोर आधी वाचली तर ही चूक तिथेच सापडते. रोज ३० मिनिटे चाला, हे रंकाळ्यावर फेऱ्या मारणाऱ्याला शोभते. दिवसभर उसात राबून आलेल्याला तो विनोद वाटतो. इचलकरंजीत मागावर रात्रपाळी करणाऱ्याची ‘रात्रीच्या जेवणानंतरची’ गोळी नेमकी कधीची, याचे उत्तर त्याच्याकडेच असते.

सरकारी चौकट अगदीच रिकामी नाही. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, आशाताई ३० वर्षांवरील माणसांची घरोघर नोंद करतात, रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या आणि गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. मात्र या समित्यांचा वेळ बहुतेक इमारत, औषधे आणि निधी यांतच जातो. सवयींचा उपक्रम कसा असावा, हा विषय तिथे क्वचितच येतो.

अडचणीही खऱ्या आहेत. बैठकीला येतो तो निवृत्त, शहरातला, बोलका रुग्ण. रोजंदारीवरच्या माणसाचा बैठकीत दिवस बुडतो. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी दिली नाही तर त्याला बोलावणे हा शिष्टाचारच ठरतो. डॉक्टरांसमोर ‘तुमचं सांगणं जमत नाही’ असे म्हणायला लोक कचरतात, म्हणून रुग्णांची बैठक आधी वेगळी आणि मग एकत्र, असा क्रम ठेवतात. अशा बैठकांसाठी दूध संस्थेचा कट्टा, बचत गट किंवा तालीम मंडळ दवाखान्यापेक्षा बरे. फायद्याबाबतही हात राखूनच बोलावे: अशा आखणीने उपक्रम लोकांना जवळचा वाटतो, हे वारंवार दिसते, तीन महिन्यांची सरासरी शुगर त्यामुळे किती उतरते, याचा पुरावा त्यामानाने तुटपुंजा आहे.

सर्वांत अवघड गट ऊसतोड मजुरांचा. बीडकडून व मराठवाड्याच्या इतर भागांतून आलेल्या टोळ्या गळीत हंगामात चार-पाच महिने जिल्ह्यात असतात. गावच्या आशाताईच्या यादीत त्यांचे नाव नसते आणि गोळ्यांचे कार्ड मूळ गावी राहिलेले असते. त्यांच्यासाठीची आखणी करायची तर बैठक फडावर, कोयता खाली ठेवल्यावर घ्यावी लागेल, आणि मुकादमाला बाजूला ठेवून.