‘विधिसंघर्षग्रस्त बालक ताब्यात’: एका बोजड शब्दामागची पावणेदोनशे वर्षं

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर हे वाक्य रोज कुठे ना कुठे सापडतं: ‘मोबाईल चोरीप्रकरणी दोघांना अटक, एक विधिसंघर्षग्रस्त बालक ताब्यात.’ हा शब्द वाचताना जीभ अडखळते आणि पूर्वीचा ‘बालगुन्हेगार’ काय वाईट होता, असं वाटून जातं. शब्द बोजड आहेच, त्यात वाद नाही. पण त्या एका ओळीत कायद्याने दोन गोष्टी ठरवून केल्या आहेत. दोघांना ‘अटक’ झाली आणि तिसरा ‘ताब्यात’ घेतला गेला, ही पहिली. त्या तिसऱ्याला गुन्हेगार म्हटलेलं नाही, कायद्याशी त्याचा संघर्ष झाला एवढंच म्हटलंय, ही दुसरी. बातमीदाराला बहुधा सवयीने ते लिहावं लागतं. पण तिथवर पोचायला कायद्याला दीडशेहून जास्त वर्षं लागली.

आजची व्याख्या २०१५च्या बाल न्याय कायद्यातली. ज्या दिवशी गुन्हा घडला त्या दिवशी ज्याला अठरावं पूर्ण झालेलं नव्हतं आणि ज्याने गुन्हा केल्याचा आरोप आहे किंवा तसं चौकशीत आढळलंय, तो विधिसंघर्षग्रस्त बालक. अगदी खालच्या टोकाला मात्र जुनी रेषा तशीच आहे. सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात, आपण काय करतोय हे कळण्याइतकी समज त्याला होती का, हे पाहावं लागतं. १८६०च्या दंडसंहितेतली ८२ आणि ८३ ही कलमं भारतीय न्याय संहितेत २० आणि २१ होऊन जवळपास जशीच्या तशी उतरली. वरच्या टोकाची रेषा मात्र एकसारखी सरकत राहिली, आणि सगळं भांडण तिच्यावरच आहे.

सुरुवात कनवाळूपणातून झाली असं म्हणवत नाही. १८५०चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा अनाथ, गरीब आणि किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना धंदा शिकायला एखाद्या मालकाच्या हाताखाली बांधून देण्यासाठी होता. गरीब मूल आणि चोरी केलेलं मूल एकाच टोपलीत टाकण्याची सवय इथूनच लागली, आणि ती जायला फार वेळ लागला. १८५७मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक आणि सुधारशाळा उभी राहिली. माहीमला ती आजही आहे. दुसरीकडे १८६४च्या कायद्याने मुलांना तुरुंगाऐवजी फटके मारण्याची सोय करून ठेवली होती, आणि तेव्हाच्या काही अधिकाऱ्यांना ती दयाळूपणाची वाटत असे. फटक्यांची शिक्षा पूर्णपणे रद्द व्हायला १९५५ उजाडलं. मधल्या काळात, आधी १८७६मध्ये आणि मग सुधारून १८९७मध्ये, सुधारशाळांचा कायदा आला. त्यानुसार पंधरा वर्षांखालच्या मुलाला तुरुंगाऐवजी तीन ते सात वर्षं सुधारशाळेत पाठवता येई. तो फक्त मुलग्यांसाठी होता. मुलींचा विचारच नव्हता.

मुलांसाठी वेगळं न्यायालय हवं, हा विचार १८९९मध्ये शिकागोत प्रत्यक्षात उतरला आणि दोन दशकांनी आपल्याकडच्या तुरुंग समितीने तो उचलला. मद्रासने १९२०मध्ये, बंगालने १९२२मध्ये आणि मुंबई प्रांताने १९२४मध्ये आपापले बाल कायदे केले. विदर्भ तेव्हा मध्य प्रांतात आणि मराठवाडा निजामाकडे होता, त्यामुळे आज ज्याला आपण महाराष्ट्र म्हणतो त्यातल्या सगळ्या मुलांना हा कायदा लागू नव्हता. मुंबईत तो राबवण्यासाठी १९२७मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली.

आणि मुलांना ठेवायला जागा सापडली ती डोंगरीला, उमरखाडीच्या जुन्या तुरुंगात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची ही वास्तू. कोल्हापूर प्रकरणात, दिवाण माधवराव बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात, टिळक आणि आगरकर यांनी १८८२मध्ये १०१ दिवस काढले ते याच तुरुंगात. दोघेही तेव्हा पंचविशी नुकतेच ओलांडलेले. पुढे त्याच दगडी भिंतींआड ‘रिमांड होम’ आलं आणि पाटीवर आता ‘निरीक्षणगृह’ असतं. पण मुंबईतल्या जुन्या वस्त्यांमध्ये ‘डोंगरी’ म्हटलं की अजूनही पोरांच्या डोळ्यांसमोर तेच येतं, आणि ‘रिमांड होममध्ये टाकीन हं’ ही धमकी तर राज्यभर चालते. कायदा म्हणतो ते घर आहे, आई त्याचा बागुलबुवा करते. आईचं फार चुकतं असंही नाही. ज्या इमारतीची रचनाच कैदी ठेवण्यासाठी झाली, तिथे मुलाला आपण कैदी नाही हे पटवायचं कसं?

स्वातंत्र्यानंतर मुंबईने १९४८मध्ये नवा बाल कायदा केला आणि केंद्राने १९६०मध्ये केंद्रशासित प्रदेशांपुरता. बाकी राज्यांत ज्याचा त्याचा कायदा. एका राज्यात सोळाव्या वर्षी मूल असणारा शेजारच्या राज्यात मोठा ठरायचा, आणि काही ठिकाणी कायदा असूनही मुलं थेट मोठ्यांच्या तुरुंगात असायची. हे चव्हाट्यावर आणलं पत्रकार शीला बर्से यांनी. देशभरातल्या तुरुंगांत किती मुलं आहेत याची माहिती काढण्यासाठी त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८६मध्ये न्यायालयाने सगळ्या देशाला एकच कायदा हवा, असं सुचवलं. मुंबईतल्या निरीक्षणगृहांविषयीचीही त्यांची तक्रार होती आणि तीही त्याच वर्षी निकाली निघाली. त्या निकालातला मुद्दा आजही कुणाला लागू पडेल: मुलांना निरीक्षणगृहात लांबण लावून ठेवू नका, आणि जोवर ती तिथे आहेत तोवर त्यांना रिकामं बसवू नका.

१९८६मध्येच संसदेने बाल न्याय कायदा मंजूर केला आणि २ ऑक्टोबर १९८७पासून तो अमलात आला. त्याने १८५०ची ती टोपली एकदाची वेगळी केली. ‘उपेक्षित’ बालक बाल कल्याण मंडळाकडे जाईल आणि ‘अपचारी’ बालक बाल न्यायालयाकडे. पण मुलग्याचं बालपण सोळाव्या वर्षी आणि मुलीचं अठराव्या वर्षी संपत होतं. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९२मध्ये मान्यतेची मोहोर उठवली होती. त्यानंतर २०००च्या कायद्याने, म्हणजे १ एप्रिल २००१पासून, दोघांसाठीही अठरा ही रेषा आली. ‘अपचारी’ हा शब्दही तेव्हाच गेला.

आता वयाचा पुरावा. अठरा कुठल्या दिवशी मोजायचे, गुन्ह्याच्या की न्यायालयात हजर केल्याच्या, यावर सर्वोच्च न्यायालयाची स्वतःचीच दोन मतं होती. २००५मध्ये घटनापीठाने गुन्ह्याचा दिवस धरला. पण तो दिवस ठरला तरी जन्माचा दिवस कुठून आणायचा? कायद्याने क्रम लावून दिलाय. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका वा ग्रामपंचायतीचा दाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच हाडांची वैद्यकीय चाचणी. महाराष्ट्रात ज्यांच्या घरातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, त्यांना यातली गंमत लगेच कळेल. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी सोयीने टाकलेली तारीख. एरवी ती निवृत्तीच्या वेळी आठवते. अशा मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या बाल न्याय मंडळाबाहेर प्लॅस्टिकच्या पिशवीत शाळा सोडल्याचा दाखला घेऊन बसलेल्या आईसाठी त्या तारखेवर मुलगा निरीक्षणगृहात जाणार की कारागृहात, हे ठरतं. आणि हाडांच्या चाचणीत दोन-दोन वर्षांचा फरक पडू शकतो, हे डॉक्टरही मान्य करतात.

१६ डिसेंबर २०१२ला दिल्लीत बसमध्ये झालेल्या सामूहिक बलात्कारानंतर अठराची ही रेषा पुन्हा वादात सापडली. त्या प्रकरणातल्या एका आरोपीला अठरा पूर्ण झाले नव्हते. २००० च्या कायद्यानुसार त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात, म्हणजे दोषी आढळलेल्या मुलांच्या गृहात, ठेवता येत होतं, आणि ऑगस्ट २०१३मध्ये तसा आदेश झाला. वय सोळावर आणा, असा मोठा आवाज उठला. त्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३मध्येच तसं करू नये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयानेही कायदा रद्दबातल ठरवायला नकार दिला. पण २० डिसेंबर २०१५ला तो मुलगा सुटला आणि २२ डिसेंबरला राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. दोन दिवसांचं हे अंतर बघितलं की कायदा कशाला उत्तर देत होता ते वेगळं सांगायला नको.

नव्या कायद्यात अठरा कायम राहिले, पण सोळा ते अठरा या पट्ट्यात एक दार उघडलं. गुन्ह्यांचे तीन वर्ग झाले: किरकोळ, गंभीर आणि निर्घृण. किमान सात वर्षांची शिक्षा असलेला निर्घृण गुन्हा असेल, तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यमापन करतं. मुलाची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती पाहून त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवायला बाल न्यायालयाकडे पाठवायचं का, हे ते ठरवतं. तिथे गेला तरी फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही.

‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा, आणि पुणेकरांना तो २०२४मध्ये कळला. १९ मेच्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याच दिवशी जामीन मिळाला, आणि अटींमध्ये रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. देशभर त्या निबंधाचे विनोद झाले. समुपदेशन, समाजसेवा हे आदेश कायद्यातच आहेत, ते काही कुणाच्या डोक्यातून उगवलेले नाहीत. पण ते येतात चौकशीनंतर. मुलाच्या घराची, सवयींची, व्यसनांची माहिती समोर यायच्या आतच निबंध आला, म्हणून तो चेष्टेचा विषय झाला, असं माझं मत. लोकक्षोभानंतर त्याला निरीक्षणगृहात पाठवलं गेलं, आणि २५ जूनला उच्च न्यायालयाने ते ठेवणं बेकायदा ठरवून सुटका केली.

प्रौढ म्हणून खटल्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५मध्ये फेटाळली. अडचण जुनीच होती. सदोष मनुष्यवधाला शिक्षा मोठी आहे, पण किमान सात वर्षांची अट नाही. म्हणजे तो गुन्हा निर्घृण वर्गात बसत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२०मध्ये ज्या खटल्यात सांगितलं, तोही दिल्लीतल्या महागड्या गाडीचा आणि अठराला काहीच दिवस कमी असलेल्या मुलाचाच होता.

असे खटले गाजतात, पण ते मोजके असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२मध्ये देशात अल्पवयीनांविरुद्ध ३०,५५५ प्रकरणं नोंदली गेली. त्यात चोऱ्या आणि मारामाऱ्याच पुष्कळ. या मुलांसाठी कायदा कागदावर बरंच काही देतो. पोलिसाने साध्या वेशात यायचं, बेडी घालायची नाही, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, चोवीस तासांत मंडळासमोर न्यायचं. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यातली एक बाई. निर्घृण गुन्हा सोडला, तर सहसा प्राथमिक माहिती अहवालही नाही. पोलीस ठाण्याच्या डायरीत नोंद आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल.

आणि सगळ्याचा कणा म्हणजे परिविक्षा अधिकारी. पंधरा दिवसांत त्याने घरी जाऊन सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा. बाप काय करतो, शाळा कधी सुटली, संगत कुणाची, घरात झोपायला जागा किती. हा अहवाल चांगला झाला तर मंडळाला मूल दिसतं, नाहीतर फक्त कलम दिसतं. एका अधिकाऱ्याकडे खूप मुलं असली की वाक्यं एका अहवालातून दुसऱ्यात जातात आणि फक्त नाव बदलतं. पुढचं सगळं त्याच अहवालावर उभं राहायचं असतं: घरीच देखरेख, विशेष गृह, की थोड्या मोठ्यांसाठीचं सुरक्षित ठिकाण. अठरा झाल्यावर सुटणाऱ्यांसाठी एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणगृह, म्हणजे पायावर उभं राहीपर्यंत आधाराचं घर, असतं, पण तिथवर पोचणारे थोडे.

प्रकरण संपल्यावर त्या मुलावर कसलीही अपात्रता राहू नये आणि नोंद ठरल्या मुदतीनंतर नष्ट व्हावी, असं कायदा सांगतो. प्रौढ म्हणून दोषी ठरलेला मात्र याला अपवाद. तरी नोकरीच्या अर्जासोबत पोलीस पडताळणीचा कागद येतोच. २०१९मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात निवड झालेल्या एका उमेदवाराचं लहानपणीचं प्रकरण असंच पुढे आलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावरून त्याला नाकारता येणार नाही, असं सांगितलं. तो तिथवर गेला. बाकीची मुलं पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने जुनी डायरी उघडली का, याची चौकशी करत फिरतात.